फ्लोरामावशींबरोबर जेवायला

फ्लोरामावशींना इटालियन यायचं, पण ते फक्त स्वयंपाकघरापुरतं. कांदा किती परतलाय, रस्सा आजचा की कालचा, वाल भिजवलेत की डब्यातले, हे सगळं त्या घडाघडा विचारत. त्यापलीकडे एक शब्द नाही. एकदा इटलीत, उंब्रियात, आमच्या भाड्याच्या गाडीचा टायर बसला. मी फोनवर शब्द शोधत होते, तेवढ्यात मावशी गॅरेजवाल्याकडे गेल्या आणि टायरकडे बोट दाखवून म्हणाल्या, "त्रोप्पो कोत्तो." म्हणजे फार शिजलाय. तो माणूस हसून हसून जमिनीवर बसला. टायर बदलून झाल्यावर त्याने आम्हाला जवळच्या गावात आपली बहीण जिथे स्वयंपाक करते तिथला पत्ता दिला. मावशी म्हणाल्या, "बघितलंस? भाषा पुरते."

मावशी इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलमध्ये माझ्या शेजारी राहायच्या. मी नागपूरहून नोकरीसाठी आले होते, एकटीच. शेजारच्या घरात एक पांढऱ्या बॉबकटची, फुलाफुलांचा एप्रन घालणारी म्हातारी बाई राहते, एवढंच मला माहीत होतं. मी तिला 'हॅलो, लव्हली डे' म्हणायचे, तीही म्हणायची. असे कित्येक महिने गेले. मग एका रविवारी मी मागच्या गार्डनमध्ये फोनवर भावाशी भांडत होते. त्याच्या लग्नात पास्त्याचा काउंटर ठेवायचं ठरलं होतं आणि केटरर पास्त्यात टोमॅटो केचप घालणार होता. मी ओरडले, "अरे केचप? त्या गाढवाला सांग, केचप घातलं तर मी लग्नाला येणार नाही!"

कुंपणाच्या पलीकडून आवाज आला, "बरोबर बोलतेस गो. मी पण येणार नाही."

मी फोन हातातच धरून कुंपणापाशी गेले. म्हातारी तिकडे कपडे वाळत घालत होती. चिमटा दातात धरून म्हणाली, "फ्लोरा पोयनाडकर. भायखळ्याची. ये चहाला."

मावशी बेने इस्रायली होत्या, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू. "आम्ही तेलाचे घाणे चालवणारे. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक आम्हाला शनवार तेली म्हणायचे," असं त्या मोठ्या अभिमानाने सांगत. लग्न होऊन त्या तरुणपणीच इंग्लंडला आल्या. त्यांच्या ओळखीची मराठी बोलणारी माणसं लंडनमध्ये होती. त्यातली काही वारली, बाकीची इंग्रजीत शिरली. मुलगी नेओमी नॉटिंगहॅमला डॉक्टर. तिला मराठी समजायचं, पण बोलताना ती ठेचकाळायची. त्यामुळे मी सापडल्यावर मावशींनी मला सोडलंच नाही. मला आधी वाटलं, त्यांना मराठी ऐकायला कुणीतरी हवंय. मग लक्षात आलं की त्यांना जेवायला सोबत हवी होती.

नोकरी त्यांनी एका शाळेत केली, 'डिनर लेडी' म्हणून. दुपारी मुलांना जेवण वाढायचं. उकडलेले मटार, बटाट्याचा लगदा, पिवळं कस्टर्ड. "आयुष्यभर मी एकच रंग वाढला," त्या म्हणत. नवरा, सॅमकाका, कोच, म्हणजे सहलीची बस, चालवायचे. इंग्लंडमधल्या निवृत्त लोकांना दहा-बारा दिवस इटली फिरवून आणायचे. सुट्ट्यांत मावशी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर. कोच थांबेल तिथे जेवायचं, म्हणजे सूप, चिकन आणि चिप्स. इटलीत. आजूबाजूच्या गावांतून दुपारी बाराला खमंग धूर निघायचा आणि कोच त्याच्या शेजारून निघून जायचा. सॅमकाका म्हणायचे, "रिटायर झालो की तुला प्रत्येक गावात थांबवीन." रिटायर झाले आणि सहा महिन्यांत गेले.

हे त्यांनी मला पहिल्याच चहाला सांगितलं नाही. बऱ्याच दिवसांनी, भांडी पुसता पुसता सांगितलं. आणि लगेच पुढे म्हणाल्या, "तुला गाडी येते. मला इटली येते. सप्टेंबरमध्ये रजा काढ."

असे आमचे सप्टेंबर सुरू झाले. ना चर्चेस, ना म्युझियम. सकाळी गाडी काढायची, टेकड्यांतून हिंडायचं आणि जेवायच्या वेळेला कुठेतरी थांबायचं. कुठे थांबायचं हे मावशी ठरवणार. देखाव्याच्या जागा त्यांना वर्ज्य होत्या. "जिथे खिडकीतून दरी दिसते, तिथे ताटात काही नसतं," हे त्यांचं ठाम मत. त्यांना आवडायच्या त्या खताच्या दुकानाशेजारच्या, पेट्रोल पंपामागच्या खानावळी. प्लॅस्टिकच्या पडद्यातून आत जायचं, भिंतीवर फुटबॉल टीमचा फोटो, टीव्हीवर बातम्या आणि कागदी टेबलक्लॉथ.

मेनू त्या हातात घेत नसत. मालक आला की त्याच्याकडे वर बघून विचारायच्या, "तुम्ही आज काय जेवलात?"

हा प्रश्न ऐकल्यावर माणसांचे चेहरे कसे बदलायचे, ते बघण्यासारखं होतं. एवढ्या लोकांना ते वाढतात, पण त्यांना कोण विचारतं? मार्के भागातल्या एका गावी मालक आधी लाजला. मग म्हणाला की आम्ही उरलेला पाव आणि वाल घालून केलेली आमटी खाल्ली, ती गिऱ्हाइकाला देण्यासारखी नाही. "तीच द्या," मावशी म्हणाल्या. खोलगट वाडग्यांतून ती आली. वर कच्चं ऑलिव्ह तेल, बाजूला लाल कांदा. मला ती आमच्याकडच्या उसळीत चुरलेल्या पोळीसारखी लागली, पण तिखटाशिवाय. मी सवयीने पर्समधून तिखटाची बाटली काढली. मी नागपूरची, बाटलीशिवाय घराबाहेर पडत नाही. मावशींनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"आधी त्याचं ऐकून घे. मग तुझं बोल."

मी बाटली परत ठेवली. अर्ध्या वाडग्यानंतर कुठेतरी मला शेपूची, नाही, शेपूच्या कुणा नातेवाइकाची चव लागली. बडीशेपेचा पाला होता तो. बाटली उघडली असती तर तो मला कधी भेटलाच नसता.

त्यांची पथ्यं होती. डुक्कर नाही, आणि मांस आणि दूध एकत्र नाही. इटलीत या दोन गोष्टी टाळायच्या म्हणजे पावसात कोरडं राहायचं. मटणाच्या रश्श्यावर चीज किसायला वेटर धावत आला की मावशी ताटावर दोन्ही हात पसरायच्या, जसं कुणी पिलाला घारीपासून वाचवावं. एकदा एका वेटरने विचारलंच, "ॲलर्जी?" मावशी म्हणाल्या, "आजी." म्हणजे आजीने सांगितलंय. हा शब्द त्यांना इटालियनमध्ये येत होता. वेटरने मान डोलावली आणि चीज परत नेलं. पुढची चौकशी नाही. मी त्यांना म्हटलं, "मावशी, पण हे मांस तरी कुठे तुमच्या पद्धतीचं आहे?" तर म्हणाल्या, "ते माझं आणि वरच्याचं चालू आहे. मी विचारीन त्याला, तू आधी इटली का बनवलीस?"

मी तेव्हा कशी जेवायचे ते सांगते, म्हणजे मावशींनी काय केलं ते कळेल. ब्रॅकनेलच्या घरात मी उभ्याने जेवत होते. मायक्रोवेव्हसमोर, किंवा मीटिंग म्यूटवर टाकून लॅपटॉपसमोर. ताट घेणं मी बंद केलं होतं. त्या गावोगावच्या जेवणांत मावशींनी मला कधी उपदेश केला नाही. फक्त माझ्याआधी त्या कधी उठल्या नाहीत. माझा शेवटचा घास होईपर्यंत काटा हातात धरून बसून राहायच्या, त्यांची प्लेट कधीची रिकामी झालेली असली तरी.

आब्रुझ्झोतल्या एका गावची गोष्ट मी कितीदा तरी सांगितली आहे. डोंगरावरचं लहान गाव, शनिवारची दुपार. खानावळीसमोर बऱ्याच गाड्या उभ्या. आत लांबच लांब टेबलं, माणसं दाटीवाटीने बसलेली. दारातल्या बाईने आमच्याकडे पाहिलं, काहीतरी विचारलं, मावशींनी हसून मान हलवली आणि आम्हाला एका टेबलाच्या टोकाला बसवण्यात आलं. न मागता पदार्थ यायला लागले. भोपळ्याची फुलं, हाताने वळलेला पास्ता, मग कोकराचं मांस. मावशी खूश. "मेनूच नाही! याला म्हणतात हॉटेल."

कोकरू अर्धं झालं तेव्हा एक म्हातारा ग्लास हातात घेऊन उभा राहिला. बोलायला लागला आणि त्याचा आवाज फाटला. आमच्या समोरच्या दोन बायका रडू लागल्या. तेव्हा मी खिडकीजवळच्या फोटोकडे नीट पाहिलं. फुलांमध्ये ठेवलेला, जाड भुवयांच्या माणसाचा फोटो. मला इतका वेळ तो हॉटेलचा मालक वाटत होता.

"मावशी," मी कुजबुजले, "हे कुणाच्या तरी फ्युनरलनंतरचं जेवण आहे. आपल्याला पाहुणे समजलेत. चला, गुपचूप निघू."

मावशींनी काटा खाली ठेवला. चेहरा लाल झाला होता. पण त्या हलल्या नाहीत.

"पानावरून उठायचं नाही," त्या म्हणाल्या. "ज्याच्या नावाने जेवलो त्याचं नाव तरी विचारायला हवं."

उरलेलं सगळं त्यांनी शांतपणे संपवलं. मग उठून सरळ मुख्य टेबलापाशी गेल्या. तिथे काळ्या कपड्यांत एक बारीकशी बाई बसली होती. मावशी तिच्यासमोर उभ्या राहिल्या. त्यांच्या इटालियनमध्ये अशा प्रसंगाचे शब्द नव्हते. "मी खाल्लं," त्या म्हणाल्या, छातीवर हात ठेवून. मग फोटोकडे बोट केलं. "तो. नाव?"

त्या बाईने मावशींकडे वर पाहिलं आणि ती म्हणाली, "ब्रूनो."

"ब्रूनो," मावशी म्हणाल्या. "ब्रूनोला खायला काय आवडायचं?"

हे वाक्य मात्र त्यांना उत्तम येत होतं. बाईच्या शेजारी तिची नात होती, तिला इंग्रजी येत होतं. तिच्यामार्फत ब्रूनोच्या बायकोचं उत्तर आलं. "काय आवडायचं ते नाही सांगता येणार, कारण तो चव घ्यायच्या आधीच मीठ घालायचा. प्रत्येक पदार्थावर. आयुष्यभर मी त्याच्याशी यावरून भांडले."

"माझा सॅम ब्राउन सॉस घालायचा," मावशी म्हणाल्या. "मी चार तास खपून केलेल्या मटणावर. ब्राउन सॉस."

नातीने सांगितलं, तो बाटलीतला आंबट-गोड सॉस असतो तेही सांगितलं. ती बाई हसली. तोंडावर रुमाल धरून हसली, मग तो रुमाल डोळ्यांवर गेला. तिने बाजूची खुर्ची ओढली आणि मावशींना बसवलं. दोघी एकमेकींचा हात धरून बसल्या. मीही मग तिथे कॉफी घेतली. आम्हाला निघताना अर्ध्या गावाने निरोप दिला.

गाडीत मावशी खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "सॅमच्या वेळी सँडविचेस होती. त्रिकोणी कापलेली. लोकांनी उभ्याने खाल्ली आणि गेले. मला कुणी विचारलं नाही, त्याला काय आवडायचं." त्या वर्षी सॅमकाकांच्या पुण्यतिथीला मी त्यांच्याकडे होते. मावशींनी दिवा लावला, सॅमकाकांचं नाव घेतलं, आणि मागोमाग ब्रूनोचंही.

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात त्यांना ताप आला. साधाच, आठवडाभराचा. ताप गेला आणि जाताना वास घेऊन गेला. कॉफीचा नाही, लसणाचा नाही, जळक्या टोस्टचाही नाही. वास गेला की चवही जाते, हे मला तेव्हा कळलं. खारट, गोड, आंबट एवढं जिभेला कळायचं, बाकी सगळा पुठ्ठा. डॉक्टर म्हणाले, येईल परत, किंवा नाही येणार. मावशींनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि स्वयंपाक बंद केला. मी काही घेऊन गेले तर दारातच म्हणायच्या, "कशाला गो? माझ्यासाठी भाजी पण तीच आणि भाजीची पिशवी पण तीच." एप्रन दाराच्या मागे लटकून राहिला.

मेमध्ये नेओमीचा फोन आला. एरवी ती माझ्याशी इंग्रजीतच बोलायची. त्या दिवशी मुद्दाम मराठीत बोलली. "मेघना, मम्मी काही खात नाही. तिचा भूक गेला. तिचा सगळा कपडा लूज झाला. तू तिला इटलीला घेऊन जा ना, प्लीज. आय ॲम रिअली वरीड."

मी विचारलं तेव्हा मावशी माझ्यावर चिडल्या. "आंधळ्याला सिनेमाला नेतेस?" आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. मग एका संध्याकाळी कुंपणापाशी आल्या. "येते मी. पण एक अट. तू जेवायचं आणि मला सांगायचं."

या वेळी आम्ही फ्रिउलीत गेलो, डोंगराच्या पायथ्याशी. पहिल्या जेवणाला मी एक घास घेतला आणि म्हटलं, "छान आहे."

"छान तर हवाही असते," मावशी म्हणाल्या. "नीट सांग. आधी काय लागतं, मागून काय येतं?"

चव सांगण्याची मला सवय कुठे होती? मी पुन्हा घास घेतला. "आधी तूप... नाही, लोणी. करपायच्या जरा आधीचं लोणी. मग ओल्या हरभऱ्यासारखं हिरवं काहीतरी. कच्चट नाही, पण कोवळं."

"आणि?"

"आणि मागून किंचित तुरट. जांभूळ खाल्ल्यावर जीभ आखडते ना, त्याच्या शंभराव्या हिश्शाने."

मावशींनी डोळे मिटले. त्यांच्या प्लेटमधला तोच घास तोंडात घेतला आणि हळूहळू चावत राहिल्या. "हं," त्या म्हणाल्या. "पुढे."

असे आम्ही जेवत गेलो. मी संत्र्याची साल नखाने सोलतानाचा वास सांगितला, पळसाच्या पानावरच्या गरम भाताचा सांगितला, सावजी मसाल्यातल्या दगडफुलाचा सांगितला. त्या विचारायच्या, "सुका मासा भाजल्यासारखं?" मी म्हणायचे, "नाही मावशी, तेवढं उग्र नाही." "मग नारळाच्या दुधात शिजवल्यासारखं?" "हां, तसं." आमचं नागपूर आणि त्यांचं भायखळा त्या टेबलांवर भेटत होतं. मी इतक्या लक्ष देऊन आयुष्यात कधी जेवले नव्हते. पण मावशी खात होत्या त्या माझ्या समाधानासाठी, हे मला कळत होतं.

शेवटून दुसऱ्या दिवशी आम्ही एका लाकूडतोड्यांच्या गावी थांबलो. खानावळीची मालकीण लुचिया, दंड माझ्या मांडीएवढे. उकडलेली कोंबडी आणि बटाटे होते. मी सांगत होते, मावशी ऐकत होत्या. लुचिया दुरून बघत होती. शेवटी येऊन उभी राहिली आणि विचारलं, ही बाई डोळे का मिटते? मी फोनवर भाषांतर करून समजावलं. नाक गेलंय, चव गेलीय, म्हणून मी सांगते.

लुचियाने फोनवरचं वाक्य दोनदा वाचलं. मग आत गेली. परत आली ती हातात मातीने माखलेलं एक मूळ आणि किसणी घेऊन. मूळ मुळ्यासारखं, पण लाकडाइतकं टणक. तिने ते टेबलापाशीच सोललं, मावशींच्या कोंबडीवर भुरभुर किसलं, घास काट्याला टोचला आणि त्यांच्या तोंडासमोर धरला. मी ओळखलं. 'हॉर्सरॅडिश'. ब्रॅकनेलला बाटलीतून मिळतो तो नव्हे, ताजा.

मावशींनी घास घेतला. दोनदा चावला. आणि ताडकन उभ्या राहिल्या.

"नाकात गेलं!" त्या ओरडल्या. "मेघना, नाकात गेलं गो! इथे, इथपर्यंत!" त्या कपाळावर बोट ठेवून दाखवत होत्या. डोळ्यांतून घळाघळा पाणी. मी घाबरून पाण्याचा ग्लास पुढे केला, तो त्यांनी ढकलला. "नको. राहू दे. जळू दे." त्या खाली बसल्या आणि लुचियाला म्हणाल्या, "आंकोरा." म्हणजे अजून.

तो वास नव्हता, हे मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. ती नुसती झोंबणारी आग होती. पण बंद घराच्या दारावर कुणीतरी थाप मारल्यासारखी ती होती. लुचियाने अजून किसलं. स्वतःही पदराला हात पुसावे तसे एप्रनला पुसून आमच्या टेबलाला बसली, आणि एक घास खाऊन तिनेही रडायला सुरुवात केली. मग मी. तिघी नाकं पुसत, हसत जेवलो. मावशींनी त्या दिवशी माझ्यासाठी नाही, स्वतःसाठी बटाटा मागून घेतला.

घरी आल्यावर त्यांनी एप्रन पुन्हा घातला. चव न घेता, अंदाजाने स्वयंपाक करायच्या आणि मला बोलवायच्या. ऑक्टोबरात एकदा मी ऑफिसात मीटिंगमध्ये असताना फोन आला. "कांदा जळाला!" त्या ओरडत होत्या. "मुद्दाम जाळला. आणि मला आला. वास आला गो!" स्मोक अलार्म मागे किंचाळत होता. मी मीटिंग सोडून बाहेर आले आणि जिन्यात बसून ऐकत राहिले. सगळं परत आलं नाही. थोडं आलं, तुकड्या-तुकड्यांनी, कधी यायचं कधी नाही.

पुढच्या वसंतात गुडघ्यांमुळे त्यांना जिना चढवेना, तेव्हा नेओमीने त्यांना नॉटिंगहॅमला तिच्या घराजवळ एका तळमजल्याच्या घरात नेलं. मी गाडीने सोडायला गेले. आम्ही अजून एका इटलीचे बेत करत होतो, पण तो सप्टेंबर आला नाही. त्याआधी, उन्हाळ्यातच, झोपेत त्या गेल्या. गाडीने सोडायला गेले त्या दिवसानंतर मी त्यांना पाहिलं नाही.

त्या दिवशी सामान आत लावून झालं होतं. मिठी मारून झाली होती. मी गाडीत बसून पट्टा लावला आणि पाहिलं तर समोरच्या घरातून एक बाई रस्ता ओलांडून येत होती. बहुधा जमैकन असावी. हातात कापडाने झाकलेलं भांडं. नव्या शेजारणीसाठी आणलेलं. मावशी काठी टेकत दारात आल्या. दोघींचं काहीतरी बोलणं झालं, मला काचेतून ऐकू आलं नाही. मावशींनी कापड उचललं. भांड्यातून वाफ वर आली. त्यांनी काठी दाराला टेकून ठेवली, भांड्याच्या दोन्ही बाजूंना हात धरले आणि चेहरा पार त्या वाफेत घातला.

बराच वेळ त्या तशाच होत्या. त्या बाईला काही कळत नव्हतं, पण तिने भांडं हलू दिलं नाही. मग मावशींनी मान वर केली. चष्म्याच्या दोन्ही काचा वाफेने पांढऱ्या झाल्या होत्या. त्या तशाच, काही न दिसता, त्या बाईकडे बघून हसत होत्या.